खर्चाचा दावा नेमका कोणाकडे करायचा?

प्रश्न थोडक्यात असा: "मी चाकणच्या एका कंपनीत सेल्स इंजिनिअर आहे, राहायला चिंचवडला. वर्षाचा पगार 14 लाख, त्यात महिन्याला 15,000 'फील्ड कन्व्हेअन्स'. मी नवी करप्रणाली घेतली आहे, म्हणून एचआर म्हणतं की आता कुठलीच सूट नाही, सगळ्यावर टॅक्स. धाकट्या भावाचं भोसरीला जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे, वर्षाची उलाढाल साधारण 62 लाख. त्याला एक जण सांगतो, सहा टक्के नफा दाखव, बिलं ठेवायची गरजच नाही. दुसरा सांगतो, गाडी, घरभाडं, बायकोचा पगार, गोव्याची ट्रिप, सगळं खर्चात टाक. खरं काय?"

दोघांचा प्रश्न एकत्र आला ते बरं झालं, कारण दोघांचा गोंधळ एकाच जागी आहे. खर्च कोणता हे सगळे विचारतात, खर्च कोणाचा हे कोणी विचारत नाही. तुम्ही ग्राहकाकडे गेलात त्याचं पेट्रोल हा कंपनीचा खर्च, तुमच्या खिशातून तो तात्पुरता गेला इतकंच. त्याचा दावा कंपनीकडे करायचा, सरकारकडे नाही. भावाचा खर्च त्याच्या धंद्याचा, तो त्याच्या वहीत पडतो आणि तिथून नफ्यातून वजा होतो. जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा करणं, हा तिसराच दावा, त्याचे नियम आणखी वेगळे. एकच बिल या तीनपैकी एका ठिकाणी चालतं आणि दुसऱ्या ठिकाणी चालत नाही, असं रोज घडतं.

खालचे आकडे आर्थिक वर्ष 2025-26 चे आहेत. या वर्षाचं रिटर्न 1961 च्या कायद्याखालीच भरायचं. 1 एप्रिल 2026 पासूनच्या उत्पन्नाला आयकर कायदा, 2025 लागू होतो, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि 'असेसमेंट इयर' जाऊन 'टॅक्स इयर' आलं आहे. तेव्हा मी देतोय ते कलम क्रमांक या वर्षापुरते धरा.

आधी तुमचं. तुमचं एचआर अर्धं बरोबर आहे. नव्या प्रणालीत घरभाडे भत्ता, एलटीए (सुट्टीच्या प्रवासाचा भत्ता), 80सी (पीएफ, विमा अशी बचत), 80डी (आरोग्य विमा), व्यवसाय कराची वजावट, स्वतः राहतो त्या घराच्या कर्जाचं व्याज, हे सगळं गेलं. राहिलं ते 75,000 चं स्टँडर्ड डिडक्शन, कंपनीने तुमच्या एनपीएस (पेन्शन) खात्यात भरलेली रक्कम (मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या 14 टक्क्यांपर्यंत) आणि आणखी काही मोजक्या गोष्टी. या मोजक्या गोष्टींतच तुमचं प्रकरण बसतं. कलम 10(14) आणि नियम 2बीबी यांखाली तीन भत्ते नव्या प्रणालीतही करमुक्त ठेवले आहेत: दौऱ्याचा किंवा बदलीचा प्रवासखर्च, दौऱ्यावर असतानाचा दैनिक भत्ता, आणि नोकरीचं काम करताना होणारा वाहनखर्च. जून 2020 च्या अधिसूचनेनेच हे स्पष्ट झालं होतं. तरी 'नवी प्रणाली म्हणजे सूट नाही' हे वाक्य पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये इतकं घट्ट बसलंय की बरेच एचआरवाले नियम उघडून बघत नाहीत.

अट एकच, पण पक्की: सूट मिळते ती प्रत्यक्ष खर्च झाला तेवढ्यालाच. 15,000 मिळाले आणि 9,800 खर्च झाले, तर 5,200 करपात्र. आणि चिंचवडहून चाकणला कारखान्यात जाणं-येणं यात धरायचं नाही. घर ते कामाची जागा हा तुमचा खासगी प्रवास. चाकणहून नाशिकच्या ग्राहकाकडे, तिथून सिन्नरला, तो मात्र नोकरीचा.

तुमच्या बाबतीत या एका ओळीने किती फरक पडतो ते बघा. 14 लाखांतून 75,000 गेले की 13,25,000 करपात्र राहतात. नव्या टप्प्यांनी 12 लाखांपर्यंतचा कर 60,000, वरच्या सव्वा लाखावर 15 टक्क्यांनी 18,750, एकूण 78,750. त्यावर चार टक्के सेस धरून 81,900. आता समजा, वर्षभरात मिळालेल्या 1,80,000 पैकी 1,50,000 तुम्ही खरोखर फिरतीवर खर्च केलेत आणि ते दाखवू शकता. करपात्र उत्पन्न 11,75,000 होतं. ते 12 लाखांच्या आत असल्याने कलम 87ए ची सवलत सगळा कर खाऊन टाकते. भरायचा कर शून्य. दीड लाखाच्या भत्त्यावर जवळपास 82,000 चा फरक! हा सरळ तुमच्या हक्काचा पैसा आहे, पण तो कागदावर अवलंबून आहे.

म्हणून कागद. नुसती पेट्रोलची बिलं म्हणजे पुरावा नव्हे. बिल सांगतं की पेट्रोल घेतलं. कशासाठी घेतलं ते सांगत नाही. लॉगबुक ठेवा. साधी वही चालेल, एक्सेल चालेल. तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, कोणत्या ग्राहकाकडे, काय काम, आणि त्या दिवसाचं बिल किंवा टोल. महिनाअखेरीस साहेबांची सही किंवा निदान 'मंजूर' असा ई-मेल. फास्टॅगचं स्टेटमेंट फार कामाचं: खालापूरच्या नाक्यावरून गाडी किती वाजता गेली हे त्यात छापलेलं असतं, त्याच्याशी तुमची नोंद जुळली की कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. पंपाची पावती थर्मल कागदाची असते, चार महिन्यांत कोरी पडते. त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

खोटे दावे कसे पकडले जातात हेही सांगून ठेवतो, कारण सेल्सच्या मंडळींत 'बिलं जमवणे' हा एक उद्योगच असतो. वर्षभराच्या पावत्या एकाच पुस्तकातल्या, क्रमांक ओळीने. सगळीकडे एकच अक्षर. दहा लिटरच्या आसपास टाकी असलेल्या मोटारसायकलमध्ये एका वेळी 14 लिटर पेट्रोल. रजेच्या दिवशी नाशिक दौरा. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर 2024 मध्ये माफ झाला, आणि त्यानंतरच्या महिन्यांच्या दाव्यात कोणी वाशीचा टोल लावला तर तो दावा तिथेच संपला. अशी खोटी वजावट 'चुकीची माहिती देणं' ठरली तर कलम 270ए खाली वाचवलेल्या कराच्या 200 टक्के दंड होऊ शकतो. शिवाय नोकरीवर येतं ते वेगळंच.

आता यापेक्षा सरळ रस्ता. कंपनीला सांगा, हा भत्ता बंद करा आणि झालेला खर्च बिलांवर परत द्या, म्हणजे रीइम्बर्समेंट. ती रक्कम पगारात येतच नाही, मग करप्रणाली जुनी की नवी हा प्रश्नच उरत नाही. कंपनीलाही ते परवडतं, कारण जिथे बिल कंपनीच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह असेल तिथे तिला क्रेडिट मिळू शकतं. तुम्हाला तोटा एकच: ज्या महिन्यात फिरती कमी, त्या महिन्यात हातात कमी पडतात. बऱ्याच जणांना नेमकं हेच नको असतं, म्हणून भत्ता चालू राहतो आणि टॅक्सही.

मार्चच्या पगारपत्रकाआधी हिशेब देऊन टाका. कंपनी उरलेल्या महिन्याच्या टीडीएसमध्ये दुरुस्ती करू शकते. ऐकलंच नाही तर रिटर्न भरताना पगाराच्या तक्त्यात 10(14) ची सूट स्वतः दाखवता येते. पण मग फॉर्म 16 आणि रिटर्न यांत फरक दिसतो, विभागाकडून विचारणा येऊ शकते, आणि उत्तर देताना तीच वही लागते. परतावा उशिरा येईल हे धरून चाला.

मोबाइलचं थोडक्यात: कामासाठीच्या फोनचं बिल कंपनीने भरलं तर ते करपात्र सुविधेत धरत नाहीत, दोन्ही प्रणालींत. जेवणाची कुपनं मात्र नव्या प्रणालीत करमुक्त नाहीत. दिवाळीला कंपनीने वस्तूच्या रूपात दिलेली भेट वर्षाला 5,000 च्या आत असेल तर कर नाही; रोख दिली तर ती पगारच.

जुन्या प्रणालीत असलेल्या वाचकांसाठी घरभाड्याबद्दल दोन ओळी. मिळालेला भत्ता, भरलेलं भाडं वजा पगाराचे दहा टक्के, आणि मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईत पगाराच्या 50 टक्के, इतरत्र 40 टक्के, या तिघांतली सर्वांत लहान रक्कम करमुक्त. पगार म्हणजे इथे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता. या वर्षासाठी पुणं 40 टक्क्यांतच. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. आई-वडिलांच्या घरात राहून त्यांना भाडं देता येतं, पण ते बँकेतून जायला हवं आणि त्यांच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दिसायला हवं. नुसत्या रेव्हेन्यू स्टॅम्पच्या पावत्यांवर आता कोणी फसत नाही. घरमालकाच्या पॅनवरून दोन्ही रिटर्नं शेजारी ठेवून बघता येतात.

आता भावाचं. इथे जास्त वेळ घालवायला हवा, कारण त्याला मिळालेले दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि गंमत अशी की दोन्ही पाळूनही त्याचा एक रुपया वाचणार नाही.

सहा टक्केवाल्याचा सल्ला कलम 44एडी वर बेतलेला आहे. दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या एकट्या मालकाला किंवा भागीदारी फर्मला (एलएलपीला नाही) अंदाजे नफा दाखवायची मुभा: बँकेतून, यूपीआयने आलेल्या रकमेवर सहा टक्के, रोखीवर आठ टक्के. रोख पाच टक्क्यांच्या आत असेल तर मर्यादा तीन कोटी. दलाली, कमिशन, एजन्सीच्या धंद्याला ही सोय नाही. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट अशांचं कलम वेगळं, 44एडीए, तिथे निम्मी रक्कम नफा धरतात. भावाच्या 62 लाखांतले 55 लाख बँकेतून आणि 7 लाख रोख धरले, तर 3,30,000 अधिक 56,000, म्हणजे 3,86,000 नफा. सल्लागार म्हणतो, इतकं दाखव आणि मोकळा हो.

पण कलम नीट वाचलं तर त्यात असं आहे की सहा किंवा आठ टक्के, किंवा प्रत्यक्षात त्याहून जास्त मिळाले असतील तर ते. सहा टक्के हा तळ आहे, छत नाही. लेथ आणि व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं कटिंग मशीन) जॉबवर्क करणाऱ्या माणसाचा कच्चा माल बहुतेक वेळा पार्टीचा असतो. त्याच्याकडे मजुरी, वीज, टूल्स आणि मशीनचा हप्ता एवढेच मोठे खर्च. 62 लाखांत त्याला साडेदहा लाख सुटत असतील तर मला नवल वाटणार नाही. ते साडेदहा लाख तो घरात वापरतोय, एफडी करतोय, मशीनचे हप्ते भरतोय, आणि हे सगळं त्याच्या पॅनवर वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, दिसतंय. 3,86,000 कमावणारा माणूस एवढं कुठून करतो, हा प्रश्न विचारायला आता अधिकाऱ्याला घरी यावं लागत नाही.

आणि लपवून मिळतं काय? नव्या प्रणालीत त्याचं एकूण उत्पन्न 12 लाखांच्या आत असेल तर 87ए ची सवलत त्यालाही लागू आहे. पगारदाराचे 75,000 त्याला नाहीत, बाकी टप्पे तेच. शेअरवरच्या भांडवली नफ्यासारखं वेगळ्या दराचं उत्पन्न नसेल तर साडेदहा लाख दाखवूनही कर शून्य, आणि 3,86,000 दाखवूनही शून्य! फरक पडतो तो बँकेत. पुढच्या वर्षी त्याला 25 लाखांचं सीएनसी घ्यायचं झालं तर बँक तीन वर्षांची रिटर्नं मागते आणि दाखवलेल्या नफ्यावरच कर्जाचा हिशेब करते. 'टॅक्स वाचवला' म्हणणारे कितीतरी वर्कशॉपवाले मग सावकारी दराच्या कर्जावर मशीन घेताना दिसतात. माझं मत स्पष्ट आहे: त्याने 44एडी मध्येच राहावं आणि खरा नफा दाखवावा.

त्यातून मनाला येईल तेव्हा बाहेरही पडता येत नाही. एकदा 44एडी घेतल्यावर पुढच्या पाच वर्षांत कधी त्याहून कमी नफा दाखवला, तर पुढची पाच वर्षं ही सोय बंद, आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर ऑडिटही करावं लागतं. कर देय असेल तर आगाऊ कर एकाच हप्त्यात, 15 मार्चपर्यंत.

'बिलं ठेवायची गरज नाही' हे तर सरळ चुकीचं. आयकर कायद्याने 44एडी वाल्याला वह्यांतून सूट दिली आहे, जीएसटी कायद्याने नाही. जॉबवर्क ही सेवा, तिची नोंदणी मर्यादा महाराष्ट्रात 20 लाख. 62 लाखवाला नोंदणीकृत असणारच. जीएसटीखाली हिशेब आणि बिलं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने जपावी लागतात. आणि जीएसटी विवरणातली उलाढाल आयकराकडेही दिसते. दोन्हीकडे एकच आकडा हवा, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

आता दुसरा सल्लागार, 'सगळं खर्चात टाक' वाला. पहिली गोष्ट, 44एडी मध्ये असताना काहीच खर्चात टाकता येत नाही. पगार, भाडं, घसारा (मशीन-गाडीच्या झिजेपोटीची वजावट), सगळं त्या टक्क्यांत आलं असं कायदा धरतो. खर्च वेगवेगळे दाखवायचे ते नेहमीच्या पद्धतीने वह्या लिहिणाऱ्याने. भाऊ वाढला, 12 लाखांच्या पुढे गेला, भागीदार घेतला किंवा कंपनी केली की ते लागणारच आहे, म्हणून ती यादी एकेक करून बघू. कसोटी कलम 37(1) ची: खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला हवा, खासगी नको, भांडवली नको, आणि कायद्याने मना केलेल्या कामासाठी नको. रस्ता अडवून माल उतरवायचा म्हणून कोणाला दिलेला 'हप्ता' किंवा नियम मोडल्याचा दंड यात बसत नाही. आयकर आणि त्यावरचं व्याज हाही खर्च नाही.

गाडी. धंद्याच्या नावावर घेतली तरी रविवारी ती देहूला आणि तुळजापूरलाही जाते, हे सगळ्यांना माहीत असतं. कर्जाचं व्याज, विमा, डिझेल, 15 टक्के घसारा, यातला धंद्याचा वाटाच मिळतो. तो वाटा किती हे तुम्ही ठरवायचं, पण ठरवण्यामागे काही आधार हवा, पुन्हा लॉगबुक. जीएसटीचं क्रेडिट मात्र 13 पर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवर मिळत नाही, तुम्ही ती फक्त धंद्यासाठी वापरलीत तरी नाही. माल नेणाऱ्या टेम्पोवर मिळतं. मशीनवर क्रेडिट घेतलं तर घसारा जीएसटी वगळून उरलेल्या किमतीवरच धरायचा; दोन्ही घेतलेले हिशेब नेहमी सापडतात. आणि मशीन किंवा संगणक 10,000 च्या वर रोखीने घेतला तर ती रोख रक्कम किमतीत धरतच नाहीत, मग घसारा कशावर?

घरभाडं. राहतं घर हा त्याचा संसार. एका खोलीत ऑफिसचं टेबल, टॅली आणि फायली असतील तर तेवढ्या भागाचं भाडं आणि वीज दाखवता येते. तीन खोल्यांपैकी अडीच खोल्या 'ऑफिस' दाखवणाऱ्यांची फाइल मी परत पाठवतो.

बायकोचा पगार. हा सगळ्यात लाडका सल्ला. इथे दोन अडथळे. नातेवाइकाला बाजारभावापेक्षा जास्त दिलेलं कलम 40ए(2) खाली नामंजूर होऊ शकतं. आणि त्याहून मोठं म्हणजे कलम 64: नवऱ्याच्या धंद्यातून बायकोला मिळालेला पगार पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवला जातो. अपवाद एकच, तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक ज्ञान-अनुभव असेल आणि पगार त्याच बळावर असेल तर. वहिनींचं बीकॉम झालंय, त्याच जीएसटीची विवरणं भरतात, पार्टीशी पत्रव्यवहार करतात, तर जरूर पगार द्या, बँकेतून द्या, कामाची नोंद ठेवा. नुसतं नाव लावण्यात अर्थ नाही. स्वतः मालकाचा 'पगार' तर मुळात नसतोच. एकट्या मालकीत तो काढतो ती उचल, आणि उचल हा खर्च नाही.

गोव्याची ट्रिप. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत ग्राहक असेल, भेट ठरल्याचा ई-मेल असेल, तर त्याचा स्वतःचा प्रवास, मुक्काम, जेवण खर्चात येतं. बरोबर गेलेल्या बायको-मुलांचं नाही, आणि काम एक दिवसाचं असताना पुढचे तीन दिवस कळंगुटला काढले तर तेही नाही. यातली जीएसटीची गोम बऱ्याच हिशेबनिसांनाही ठाऊक नसते: हॉटेलची सेवा जिथे हॉटेल आहे तिथली धरतात. मडगावच्या हॉटेलने लावलेला केंद्राचा आणि गोव्याचा कर महाराष्ट्रात नोंदणी असलेल्याला क्रेडिट म्हणून मिळत नाही, बिलावर पुण्याचा नंबर घातला तरी. विमानाच्या तिकिटाचं उलट आहे. तिकीट काढताना नोंदणी क्रमांक दिला तर ते क्रेडिट मिळू शकतं. तुमच्या स्वतःच्या दौऱ्यांनाही हेच लागू, तेव्हा तिकिटाला कंपनीचा नंबर द्यायला विसरू नका.

गणपतीची वर्गणी. हे यादीत नव्हतं, पण भोसरीत वर्कशॉप आहे म्हटल्यावर विचारणार. मंडळाची साधी वर्गणी मी उचल खात्यात टाकतो. कमानीवर वर्कशॉपच्या नावाचा फलक लागला असेल, तसं लिहिलेली पावती आणि फलकाचा फोटो असेल, तर ती जाहिरात. राजकीय पक्षाच्या स्मरणिकेतली जाहिरात मात्र कायद्यानेच नामंजूर आहे, पावती कितीही छान असली तरी.

चहा-वडापाव, हमाली, रिक्षा यांना पक्कं बिल कुठून आणणार? व्हाउचर करा: तारीख, कोणाला, कशासाठी, रक्कम, घेणाऱ्याची सही. रोजमेळात त्याच दिवशी नोंद. एवढं पुरतं. मोठ्या रकमांना नियम वेगळा: एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिली की तो अख्खा खर्च नामंजूर, फक्त वरची रक्कम नव्हे. मालवाहतूकदाराला मर्यादा 35,000. ऑपरेटरचा 18,000 पगार पाकिटात घालून द्यायची सवय असेल तर मोडा, यूपीआय करा. घेण्याच्या बाजूला दोन लाखांची मर्यादा आहे: एका दिवसात एकाकडून, किंवा एकाच व्यवहारापोटी तुकड्यातुकड्याने, दोन लाख किंवा अधिक रोख घेतली तर तेवढाच दंड.

कामगारांचा पीएफ आणि ईएसआय लागू असेल तर त्यांच्या पगारातून कापलेला हिस्सा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायलाच हवा. एक दिवस उशीर झाला तरी ती रक्कम कायमची मालकाच्या उत्पन्नात पडते. ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेकमेट सर्व्हिसेसच्या निकालात यावर शिक्का मारला. बँकेचा सर्व्हर बंद होता हे कारण चालत नाही, म्हणून मी 10 तारीख धरायला सांगतो.

व्यवसाय कराचंही बघून घ्या. नोकरीवाल्याचा पगारातून कापला जातो, 200 महिना आणि फेब्रुवारीत 300. भावाने स्वतःचा 2,500 वेगळा भरायचा असतो (पीटीईसी, 30 जूनपर्यंत), आणि कामगारांचा कापून भरायला पीटीआरसी ही नोंदणी वेगळी. पहिली असते, दुसरी राहून जाते.

शेवटी एक गोष्ट जी भावाच्या बाजूची आहे आणि तो बहुधा वापरत नाही. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या, फुकट आहे, पोर्टलवर होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरल्या मुदतीत, आणि लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. 2023-24 पासून कलम 43बी(एच) खाली, मुदत उलटून गेलेली जी रक्कम 31 मार्चला थकीत असेल, ती मोठ्या कंपनीला त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच धरता येते. जॉबवर्कवाल्याला हे लागू आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. चाकणच्या कंपन्यांचे अकाउंटंट मार्चमध्ये पुरवठादारांना फोन करून उद्यम प्रमाणपत्र मागतात ते याचसाठी. भावाने प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि 'सूक्ष्म उद्योग' असं छापावं, चलनावर माल स्वीकारल्याची तारीख आणि सही घ्यावी, आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या थकलेल्या बिलांची यादी मार्चच्या पहिल्या आठवड्यात पार्टीच्या अकाउंट्सला ई-मेल करावी. खरेदी विभागाला नको, अकाउंट्सला.